ॲप तयार आहे, पण दारापर्यंत कोण जाणार?

परीक्षा संपल्या की हल्ली बऱ्याच घरांत जेवताना एक नवाच विषय निघतो. "आम्ही चौघं मिळून ॲप काढतोय," असं मुलगा किंवा मुलगी जाहीर करते. कशासाठी? शेतकऱ्यांना बाजारभाव कळावेत म्हणून, एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांना मदत मिळावी म्हणून, नाहीतर वेळेवर रक्तदाते सापडावेत म्हणून. बाबांच्या डोळ्यांसमोर कॅम्पस प्लेसमेंटची तारीख येते. आईला अभिमान वाटतो, पण यातून पोट कसं भरणार, हा प्रश्न तिलाही पडलेला असतो.

प्रश्न रास्तच आहे. पण त्याच्याही आधी विचारायचा एक प्रश्न घरात, कॉलेजात आणि स्पर्धांच्या परीक्षकांकडूनही राहून जातो. हे ॲप ज्याच्यासाठी आहे, त्याच्या दारापर्यंत ते कोण नेणार?

ॲप बनवणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही. २०१६ मध्ये सुरू झालेल्या अटल इनोव्हेशन मिशनमधून देशभरातल्या १० हजार शाळांत अटल टिंकरिंग लॅब उभ्या राहिल्या. प्रत्येक लॅबसाठी २० लाख रुपयांपर्यंत अनुदानाची सोय झाली. सहावी ते बारावीची मुलं तिथे सेन्सर जोडतात, थ्रीडी प्रिंटर चालवतात. पुढे कॉलेजात हॅकेथॉन असतातच. रात्रभर जागून मुलं काहीतरी उभं करतात, बक्षीस मिळतं, फोटो निघतो, कॉलेजच्या भिंतीवर फ्लेक्स लागतो. आणि बरीचशी ॲप त्या फ्लेक्सपाशीच थांबतात. मुलं हुशारीत कमी पडलेली नसतात. ज्या कामाला खरा वेळ लागतो, त्याची त्यांना कुणी कल्पनाच दिलेली नसते.

'हा कुठल्या गावचा?'

रिकिन गांधी या भारतीय वंशाच्या अमेरिकन तरुणाची गोष्ट या बाबतीत फार बोलकी आहे. शिक्षण एमआयटीसारख्या संस्थेत, तेही विमान आणि अंतराळ अभियांत्रिकीचं. स्वप्न अंतराळवीर होण्याचं. विशीत तो भारतात आला तो जैवइंधनाच्या एका उद्योगासाठी. तो उद्योग काही जमला नाही. मग २००६ च्या सुमारास बेंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये त्याने एक प्रयोग हाती घेतला. शेतीचा सल्ला व्हिडिओतून दिला तर शेतकरी तो जास्त ऐकतील का?

कर्नाटकातल्या काही गावांत हा प्रयोग वर्षभराहून जास्त चालला. व्हिडिओत तज्ज्ञ किंवा नट नव्हते. त्याच भागातले शेतकरी स्वतःच्या बांधावर उभे राहून आपण काय केलं ते सांगायचे. संध्याकाळी गावात टीव्ही आणि डीव्हीडी प्लेअर लावून ते दाखवलं जायचं. बघणाऱ्यांची पहिली चौकशी तंत्राबद्दल नसायचीच. हा माणूस कोण, कुठल्या गावचा, हे त्यांना आधी हवं असायचं. आपल्यासारखाच कुणीतरी हे करतोय असं दिसलं, की मग पुढचं ऐकायची तयारी.

या प्रयोगात आणखी एक गोष्ट लक्षात आली. नुसता टीव्ही लावून दिला तर फार काही घडत नव्हतं. गावातलीच एक व्यक्ती समोर हवी होती. ती व्हिडिओ मध्येच थांबवायची, 'कळलं का?' विचारायची, कोण आलं कोण नाही याची नोंद ठेवायची आणि काही दिवसांनी शेतावर जाऊन खरंच कुणी करून पाहिलं का, हे बघायची. असा माणूस जोडला तेव्हा, नेहमीच्या कृषी विस्तार पद्धतीच्या तुलनेत, खर्च झालेल्या दर रुपयामागे सुमारे दहापट परिणाम दिसला. २००८ मध्ये यातूनच 'डिजिटल ग्रीन' ही स्वतंत्र संस्था उभी राहिली. पुढे अनेक राज्यांत तिने महिला बचतगटांबरोबर काम केलं.

या प्रयोगात सहभागी असलेले संगणकशास्त्रज्ञ केंतारो तोयामा यांनी नंतर एक पुस्तकच लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की तंत्रज्ञान माणसाची ताकद वाढवतं, पण मुळात जी नाही ती निर्माण करत नाही. चांगला शिक्षक असेल तर टॅबलेटने वर्ग खुलतो. शिक्षकच नसेल तर टॅबलेट कपाटात जातो. आपल्या आसपासच्या शाळांतली कपाटं आठवली तर हे पटायला वेळ लागू नये.

अर्ज भरून देणारी ताई

दुसरं उदाहरण पुण्याशी जोडलेलं आहे. सरकारी योजना शेकड्यांनी आहेत. शिष्यवृत्ती, पेन्शन, विमा, बांधकाम मजुरांसाठीच्या योजना. पण आपल्याला यातली कोणती लागू होते, हेच ज्याला गरज आहे त्याला ठाऊक नसतं. अनिकेत डोगर या तरुणाने पुण्यात 'टीच फॉर इंडिया'चा फेलो म्हणून मुलांना शिकवलं होतं. त्याने २०१६ मध्ये 'हकदर्शक' सुरू केलं. कल्पना सरळ होती. वय, उत्पन्न, काम, कुटुंब याबद्दल काही प्रश्न विचारायचे आणि तुम्ही कोणत्या योजनांना पात्र आहात, त्याची यादी ॲपने द्यायची.

इतक्यावर ते थांबलं असतं तर एक चांगली माहितीची वही तयार झाली असती, बस. हकदर्शकने गावागावांतल्या लोकांना, त्यातही मोठ्या संख्येने स्त्रियांना, प्रशिक्षण दिलं. ही ताई मोबाइल घेऊन घरी येते, प्रश्न विचारते, कागदपत्रं तपासते, अर्ज भरते आणि त्याबद्दल थोडी फी घेते. फी घेते हे ऐकून काहींच्या भुवया उंचावतात. गरिबाकडून पैसे? मला मात्र ते योग्य वाटतं. एक तर त्या ताईची ती कमाई आहे. आणि दुसरं, पैसे देणारा माणूस 'माझ्या अर्जाचं काय झालं?' असं हक्काने विचारू शकतो. फुकटात मिळालेल्या मदतीबद्दल असं विचारायला आपल्याकडे लोक कचरतात.

ज्यांनी कधी विधवा पेन्शनचा किंवा उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज स्वतः भरला आहे, त्यांना या ताईची किंमत कळेल. आधारवर नाव 'सुनीता', रेशनकार्डावर 'सुनिता', बँकेत माहेरचं आडनाव. एवढ्याशा वेलांटीवर महिनोन्‌महिने अर्ज अडतो. आधी काय दुरुस्त करायचं, तलाठ्याकडे जायचं की सेतू केंद्रात, कोणत्या दिवशी साहेब भेटतात, हे कोणत्याही कोडमध्ये लिहिता येत नाही.

चेन्नईच्या 'आवाज' या ॲपची वाट वेगळी होती. ज्या मुलांना सेरेब्रल पाल्सी किंवा ऑटिझममुळे बोलता येत नाही, त्यांनी चित्रं निवडायची आणि यंत्राने त्यांच्या वतीने बोलायचं. आयआयटी मद्रासमध्ये शिकलेल्या अजित नारायणन यांनी हे बनवलं ते 'विद्यासागर' या चेन्नईतल्या संस्थेतल्या मुलांबरोबर आणि शिक्षकांबरोबर राहून. सुरुवातीला ते एक वेगळं यंत्र होतं. टॅबलेट सगळीकडे मिळू लागल्यावर त्यांनी यंत्राचा हट्ट सोडला आणि ॲप केलं. २०११ मध्ये एमआयटीच्या 'टेक्नॉलॉजी रिव्ह्यू'ने त्यांना जगातल्या ३५ वर्षांखालच्या नवसंशोधकांच्या यादीत घेतलं. इतक्या मेहनतीने बनवलेली वस्तू वापरणाऱ्याच्या सोयीसाठी बाजूला ठेवता येणं, हे मला त्या सन्मानापेक्षा मोठं वाटतं.

फोन कुणाचा?

घरातला तरुण जेव्हा म्हणतो, 'फोन तर आता सगळ्यांकडे आहे', तेव्हा त्याला जरा थांबवायला हवं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरायचा मोबाइल होता. कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. त्यानंतर आकडे बदलले असतील, पण फोन नवऱ्याच्या खिशात आणि दिवसभर शेतावर, हे चित्र अजून पुसलेलं नाही. गरोदर बाईसाठी बनवलेल्या ॲपची सूचना तिच्या सासऱ्यांच्या फोनवर वाजत असेल, तर ती सूचना तिच्यापर्यंत पोहोचली असं कसं म्हणायचं?

आयआयटी दिल्लीतून निघालेल्या 'ग्रामवाणी'ने म्हणूनच साध्या फोनचा रस्ता धरला. मिस्ड कॉल द्यायचा, तिकडून फोन येतो, ऐकायचं आणि आपलं म्हणणंही रेकॉर्ड करायचं. २०१२ मध्ये झारखंडमध्ये त्यांची 'मोबाइल वाणी' सुरू झाली. वाचता येत नाही, इंटरनेट नाही, पैसे नाहीत, तरी चालतं. आणि तिथेही गावातले स्वयंसेवक होतेच. स्पर्धेत असल्या गोष्टीला बक्षीस मिळणं कठीण, कारण पडद्यावर दाखवायला काही नसतं.

घरातून काय देता येईल

पैशांआधी द्यायची गोष्ट म्हणजे वेळ, आणि तोही मोजून. 'वर्षभर कर, घरचं खाणं-राहणं आमच्याकडे, पण घर गहाण टाकणार नाही आणि नातेवाइकांकडून उसने घेणार नाही,' असं स्पष्ट ठरवलेल्या घरात भांडणं कमी होतात. वर्षाच्या शेवटी किती डाउनलोड झाले हे विचारू नका. दुसऱ्यांदा किती जणांनी वापरलं, हे विचारा.

मुलीच्या बाबतीत हे वेगळं सांगायला हवं. मुलगा हॅकेथॉनला रात्रभर बाहेर राहिला की आपण कौतुक करतो. मुलगी म्हणाली, 'सर्वेक्षणासाठी तीन दिवस गावात राहायचंय', की सात वाजता घरी ये म्हणतो. काळजी खरी असते, पण त्यावर उपाय असतात. सोबत जा, त्या गावच्या अंगणवाडी सेविकेशी बोला, राहण्याची सोय बघून या. नाहीतर लोकांत जाऊन शिकायचं काम मुलांकडे आणि कॉलेजात बसून स्लाइड बनवायचं काम मुलींकडे, अशी वाटणी आपसूक होते. बायकांच्या अडचणींवरची ॲप मग मुलगेच अंदाजाने बनवतात.

एका बाबतीत मात्र घरच्यांनी कडक व्हावं. उत्साही मुलं लोकांचे आधार कार्ड, आजारपणाचे कागद, बँक पासबुकाचे फोटो व्हॉट्सॲपवर गोळा करतात. हेतू चांगला असतो, पण तोच फोन पुढे भावाकडे जातो, नाहीतर विकला जातो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार माहिती घेताना संमती लागते, आणि १८ वर्षांखालच्यांची माहिती वापरायची तर पालकांची खात्रीशीर संमती. जेवढं लागतं तेवढंच घ्यायचं आणि काम झालं की पुसायचं, हा नियम पहिल्या दिवसापासून हवा.

पैसा कुठून येतो, तेही बघू. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, त्यातला काही इन्क्युबेटरमार्फत नवउद्योगांकडे येतो. चेन्नईचं 'विलग्रो' २००१ पासून फक्त अशाच सामाजिक उद्योगांना हात देतं. आयआयएम बेंगळुरूच्या 'एनएसआरसीईएल'मध्येही सामाजिक उपक्रमांसाठी वेगळी सोय आहे. २०२१ मध्ये आलेल्या स्टार्टअप इंडिया सीड फंड योजनेत कल्पना तपासून बघायला २० लाखांपर्यंत अनुदान ठेवलं गेलं. ते निवडक इन्क्युबेटरच देतात, त्यामुळे जवळचं इन्क्युबेटर आधी शोधावं लागतं.

पण अनुदानापेक्षा मोलाचा असतो तो पहिला गिऱ्हाईक. महाराष्ट्राच्या स्टार्टअप सप्ताहात निवडलेल्या नवउद्योगांना नुसता चेक मिळाला नाही. त्यांना सरकारी खात्यात आपलं उत्पादन वापरून दाखवण्यासाठी १५ लाखांपर्यंतचे कामाचे आदेश देण्यात आले. केरळमध्येही सरकारी खात्यांना स्टार्टअपकडून थेट खरेदीची मुभा आहे. असं काम मिळालं की पहिल्यांदाच कळतं, की जिल्हा रुग्णालयात नेटवर्क कुठल्या खोलीत मिळतं, आणि मराठी फॉर्म इंग्रजी सॉफ्टवेअरमध्ये भरताना नर्सची किती दमछाक होते. सरकारी बिल निघायला वेळ लागतो, हेही तेव्हाच कळतं. तोवरचा पगार आणि सर्व्हरचं भाडं कुठून द्यायचं, हे कामाचा आदेश हातात पडायच्या आधी घरात बसून मांडून ठेवलेलं बरं.