दोन किलोंचे चौऱ्याऐंशी किलो

भोसरी-चिंचवडच्या पट्ट्यात लेथ असलेल्या लहान कारखान्यांना तोटा नाही. मोटारीचे फ्लायव्हील काढून आणायचे, लेथवर त्याचे दोन किलो लोखंड उतरवायचे आणि ‘आता बघ गाडी कशी पळते’ म्हणायचे, ही हौस त्यामुळे इकडे सहज भागवता येते. हजार किलोंच्या गाडीत दोन किलोंनी काय होणार, असे तुम्ही म्हणाल. पण फरक पडतो, आणि तो केवढा हे अकरावीच्या गणिताने काढता येते.

फ्लायव्हील, म्हणजेच प्रचक्र, मुळात असते कशासाठी? चार धावांच्या एंजिनात दट्ट्याला एकाच धावेत शक्ती मिळते. उरलेल्या तीन धावा या जड चाकात साठलेल्या ऊर्जेवर पार पडतात. खडकीच्या किर्लोस्कर ऑइल एंजिन्स (स्थापना 1946) या कारखान्याची एका सिलिंडराची डिझेल एंजिने ज्यांनी शेतावर पाहिली असतील, त्यांना बाजूची जाडजूड चाके आठवतील. विहिरीवरच्या पंपाला वेग बदलायचा नसतो. तिथे चाक जड तेच बरे. आकुर्डीच्या बजाज ऑटोने 1972 साली आणलेल्या चेतक स्कूटरचे एंजिन दोन धावांचे, म्हणजे दर फेरीला शक्ती देणारे. तिच्या प्रचक्रावर ठिणगीसाठी लागणारी चुंबके होती आणि एंजिन थंड ठेवणाऱ्या पंख्याची पातीही. एका चाकाने तीन कामे!

मोटारीला मात्र घडोघडी वेग बदलावा लागतो. वेग वाढवायचा म्हणजे गाडी पुढे ढकलायची आणि प्रचक्रही अधिक जोराने फिरवायचे. फिरत्या वस्तूच्या या हट्टाला निरूढी परिबल म्हणतात. ते वस्तुमानावर आणि अक्षापासूनच्या अंतराच्या वर्गावर अवलंबून असते.

समजा, 13 सेंमी. त्रिज्येच्या प्रचक्राच्या कडेचे 2 किग्रॅ. लोखंड उतरवले. परिबल घटले 2 × 0.13 × 0.13 = 0.0338. पहिल्या गिअरात एंजिनाच्या 14 फेऱ्यांना चाकाची एक फेरी होते आणि चाकाची त्रिज्या 28 सेंमी. आहे असे धरू. गाडी 1 मीटर सरकते तेव्हा प्रचक्र 14 ÷ 0.28 = 50 रेडियन फिरते. गतिज ऊर्जेत वेगाचा वर्ग येतो, म्हणून 50 चा वर्ग 2500 घ्यायचा. 0.0338 × 2500 = सुमारे 84 किग्रॅ.! चाकणच्या तळेगाव चौकातून निघताना गाडीतून एक धट्टाकट्टा माणूस उतरल्यासारखेच हे झाले. वरच्या गिअरात 14 ऐवजी 3.5 घालून पाहा. उत्तर जेमतेम 5 किग्रॅ. येते.

मग एंजिनाची शक्ती वाढली का? मुळीच नाही. एंजिन स्थिर फेऱ्यांवर चालवून शक्ती मोजली तर आकडा पूर्वीचाच येईल. वेग बदलत नसेल तर प्रचक्र ऊर्जा घेतही नाही आणि देतही नाही. ‘पाच अश्वशक्ती वाढली’ असे कोणी सांगितले, तर मोजताना वेग वाढत होता का, एवढेच विचारावे.

या चपळाईची किंमतही मोजावी लागते. उभ्या गाडीत एंजिन थरथरते, आणि क्लच सोडताना जरा चुकले की बंद पडते. त्याहून गंभीर गोष्ट वेगळीच आहे. मिनिटाला 6000 फेऱ्या असताना आपल्या प्रचक्राची कड ताशी सुमारे 294 किमी. वेगाने धावते. कडेच्या प्रत्येक ग्रॅमला वर्तुळात धरून ठेवायला सुमारे 5 किलो वजनाएवढी ओढ लागते. बीड दाब उत्तम सोसते, ताण सोसण्यात ते कच्चे. लेथवर अंदाजाने पातळ केलेले बिडाचे चाक फुटले, तर त्याचे तुकडे पत्रा फाडून माणसापर्यंत पोचू शकतात. म्हणून शर्यतीच्या गाड्यांना मुद्दाम पोलादी प्रचक्र घडवून घेतात.

पुलीचे काय? एंजिनाच्या पुढची पुली मुळातच हलकी, त्रिज्याही बेताची. ती हलकी करून फारसे हाती लागत नाही. काही जण लहान व्यासाची पुली बसवतात. पट्टा सावकाश फिरतो, अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप कमी शक्ती खातात, आणि मे महिन्यात वाहतूक तुंबली की पाणी उकळते व बॅटरी उतरते. शिवाय पुष्कळ गाड्यांत या पुलीत रबराचे कडे असते. दर स्फोटाला क्रँकशाफ्टला बसणारा पीळ ते जिरवते. त्याजागी साधी ॲल्युमिनियमची पुली घातली, तर काही काळाने क्रँकशाफ्टला तडा जाऊ शकतो. गॅरेजात जुनी पुली मागून पाहा. कडेपासून थोडी आत रबराची काळी गोल रेघ दिसते, तेच ते कडे.