पार्श्वकुब्जता : क्ष-किरण चित्रणातील प्रारण मात्रा
वाढत्या वयातील मुलांचा, विशेषतः मुलींचा, कणा एका बाजूस वाकण्याच्या विकारास पार्श्वकुब्जता (स्कोलिओसिस) म्हणतात. बाक किती वाढला हे ‘कॉब कोन’ मोजून ठरवितात. त्यासाठी वाढ पूर्ण होईपर्यंत संपूर्ण कण्याची क्ष-किरण चित्रे वारंवार घ्यावी लागतात. ती टाळल्यास झपाट्याने वाढणारा बाक लक्षात येत नाही व शस्त्रक्रियेची पाळी येऊ शकते.

तथापि वाढीच्या वयात स्तनांतील ऊतक प्रारणास विशेष संवेदनशील असते. अमेरिकेत १९१२–६५ या काळात निदान झालेल्या ५,५७३ स्त्री-रुग्णांची पाहणी २००० मध्ये प्रसिद्ध झाली. प्रत्येकीची सरासरी सु. २५ चित्रे घेतलेली होती व स्तनांना मिळालेली एकूण मात्रा सरासरी सु. ०·११ ग्रे होती. स्तन-कर्करोगाने झालेले मृत्यू अपेक्षेच्या १·६९ पट आढळले. आज मात्रा पुष्कळच कमी असल्याने हे प्रमाण आजच्या रुग्णांस जसेच्या तसे लावता येत नाही.

सर्वांत सोपा उपाय बिनखर्चाचा आहे : मुलीस क्ष-किरण नलिकेकडे पाठ करून उभे करणे. पाठीतून शिरलेले किरण छातीपर्यंत पोहोचण्यापूर्वी बरेचसे शोषले जातात. कोनाच्या मापनात मात्र बाध येत नाही. झॉर्झ शारपाक (भौतिकीचे नोबेल पारितोषिक, १९९२) यांच्या कण-अभिज्ञातकावरून विकसित झालेल्या ‘ईओएस’ यंत्रात मात्रा आणखी घटते, परंतु ते महागडे आहे.