वाढत्या वयातील वजन

लहानपणी गुबगुबीत मूल दिसले की ‘खात्यापित्या घरचे’ म्हणून कौतुक होते. तेच चौदाव्या वर्षी वर्गात थट्टेचा विषय होते. काटकुळ्या मुलाची तर कोणास चिंताच नसते. कोसाडच्या घराघरांतून दिसणाऱ्या या दोन्ही समजुती आम्हांस घातक वाटतात.

वजन योग्य आहे की नाही हे पाहण्याची रीत सोपी आहे. किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीने दोनदा भागावे. प्रौढांत हा अंक साधारण १८.५ ते २५ असावा. मुलांसाठी वयानुसार निराळे तक्ते असतात. परंतु हा अंकही फसवितो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण दिले. दोघांचा अंक सारखाच, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२ टक्के! सडपातळ दिसणाऱ्या आपल्या माणसासही मधुमेह गाठतो, त्याचे एक कारण हेच.

खरा धोका वजनापायी मुले जे करतात त्यात आहे. एके वर्षी आम्ही वर्गात सर्वांची वजने मोठ्याने वाचली. पुढे महिनाभर एक मुलगी डबाच आणीत नव्हती, हे आमच्या फार उशिरा ध्यानी आले. चूक आमचीच. २०१९–२१ च्या राष्ट्रीय पाहणीत गुजरातेत १५ ते १९ वर्षांच्या दर शंभर मुलींत सुमारे ६९ रक्तक्षयी आढळल्या, तशात उपासमार! (रोजा हा इबादतीसाठी, वजनासाठी नव्हे, हेही मुलींस सांगावे लागते.)

मुलगे मावा तोंडात धरतात. तंबाखूतील निकोटीन भूक मारते; मग जेवण सुटते आणि वाढ खुंटते. अठरा वर्षांखालील मुलास तंबाखू विकणे २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पण पानाच्या गल्ल्यावर पुडी आणावयास वडीलच मुलास धाडीत असतील तर दोष कोणास द्यावा?

ट्रस्टने एक वजनकाटा व उंचीची पट्टी घ्यावी, ही आमची विनंती. वर्षातून दोनदा मोजणी व्हावी, नोंद वहीत राहावी, आणि आकडा फक्त मुलास व आईवडिलांस सांगावा.