समुद्रापासून मिळविलेली भूमी

अ‍ॅमस्टरडॅम शहराजवळ स्किपोल नावाचा एक मोठा विमानतळ आहे. तेथे विमानातून उतरलेला प्रवासी जमिनीवर पाय ठेवतो, तेव्हा तो समुद्रसपाटीपेक्षा सुमारे तीन मीटर खाली उभा असतो! आज जेथे विमाने उतरतात, तेथे पूर्वी एका विस्तीर्ण सरोवरात गलबते फिरत असत. वादळ झाले की हे सरोवर काठची जमीन गिळंकृत करी. अखेर वाफेवर चालणाऱ्या प्रचंड पंपांनी ते उपसण्यात आले आणि १८५२ साली त्याचा तळ कोरडा झाला. असा हा डच लोकांचा देश, नेदरलँड्स.

‘नेदरलँड्स’ या शब्दाचा अर्थच मुळी ‘सखल प्रदेश’ असा आहे. या देशाला पुष्कळ लोक ‘हॉलंड’ म्हणतात; परंतु हॉलंड हे नाव खरोखर त्याच्या बारा प्रांतांपैकी दोनच प्रांतांचे होय. देशाच्या पूर्वेस जर्मनी, दक्षिणेस बेल्जियम आणि पश्चिमेस व उत्तरेस उत्तर समुद्र आहे. ऱ्हाइन, म्यूज व शेल्ट या नद्या येथेच समुद्रास मिळतात. देशाचे क्षेत्रफळ सुमारे ४१,५०० चौरस किलोमीटर असून लोकसंख्या पावणेदोन कोटींहून अधिक आहे. त्याच्या भूमीचा चौथ्या हिश्शाहून अधिक भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे.

मग ही भूमी कोरडी कशी राहते? प्रथम पाण्याभोवती भक्कम बांध घालतात, आतील पाणी उपसून उंचावरील कालव्यात सोडतात आणि तेथून ते नदीत किंवा समुद्रात जाते. अशा भूमीला ‘पोल्डर’ म्हणतात. पूर्वी उपसण्याचे काम पवनचक्क्या करीत. पुढे वाफेची यंत्रे आली आणि आता बहुतेक ठिकाणी विजेचे पंप आहेत. १९३२ साली डचांनी ३२ किलोमीटर लांबीचा बांध घालून समुद्राचे एक आखातच अडविले. त्याच्या तळातून वर आलेल्या भूमीवर आज फ्लेव्होलँड हा प्रांत वसला आहे. परंतु पाणी काढले म्हणजे काम संपले, असे नाही. पाणी निघून गेले की मऊ माती आक्रसते व जमीन आणखी खचते. म्हणून पंप कायमचे चालू ठेवावे लागतात.

हे काम एकट्यादुकट्याचे नव्हे. बांधाला एका शेतापुढे भगदाड पडले, तरी सारा गाव बुडतो. म्हणून तेराव्या शतकापासून तेथील लोकांनी पाण्याची व्यवस्था पाहणारी मंडळे स्थापन केली. ‘जो बांध राखणार नाही, त्याने गाव सोडावा,’ अशी त्यांची जुनी म्हण आहे. अशी २१ मंडळे आजही काम करतात व त्यांचे बहुतेक सभासद लोक निवडून देतात.

सोळाव्या शतकात या देशावर स्पेनच्या राजाची सत्ता होती. १५६८ साली डचांनी स्वातंत्र्ययुद्ध आरंभिले. १५७४ मध्ये स्पेनच्या सैन्याने लायडेन शहराला वेढा घातला. नागरिक उपासमारीने मरू लागले. तेव्हा डचांनी आपलेच बांध फोडले, शेते पाण्याखाली घातली आणि त्या पाण्यावरून अन्नाच्या नावा शहरात आणल्या! १६४८ साली स्पेनने त्यांचे स्वातंत्र्य मान्य केले. या युद्धाच्या काळातच त्यांची जहाजे जगभर फिरू लागली. कोकणात वेंगुर्ल्यासही त्यांची वखार होती. परंतु स्वातंत्र्यासाठी ऐंशी वर्षे झगडलेल्या याच लोकांनी इंडोनेशियाला दीर्घकाळ पारतंत्र्यात ठेवले. तेथील जनतेने १९४५ मध्ये स्वातंत्र्य पुकारले. ते मान्य करण्यास डचांना १९४९ साल उजाडले.

समुद्राने डचांना कधीच स्वस्थ बसू दिले नाही. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री वादळ आणि उधाणाची भरती एकाच वेळी आली. बांध फुटले; गाढ झोपेत असलेली गावे पाण्याखाली गेली आणि १,८३६ माणसे प्राणांस मुकली. त्यानंतर नद्यांच्या मुखांशी मोठमोठे बंधारे उभारण्यात आले. पूर्व शेल्टच्या मुखावरील बंधाऱ्याला प्रचंड दरवाजे आहेत. एरवी ते उघडे असतात. त्यामुळे भरती-ओहोटी चालू राहते आणि मासे व कालवे जगतात. वादळ येताच ते बंद करतात.

मिळविलेल्या भूमीचा डच लोक कसून उपयोग करतात. हिरव्या कुरणांवर दुभत्या गाई चरतात. चीज, भाज्या, फुले आणि ट्यूलिपचे कंद परदेशी जातात. रॉटरडॅम हे युरोपातील सर्वांत मोठे बंदर आहे. संगणकाच्या चिपा बनविणारी अत्यंत नाजूक यंत्रेही येथे तयार होतात. राजधानी अ‍ॅमस्टरडॅम असली, तरी सरकारचा कारभार हेग येथून चालतो. देश सपाट असल्यामुळे सायकल हे सर्वांचे आवडते वाहन. तेथे माणसांपेक्षा सायकलींची संख्या अधिक आहे!

१९९५ साली नद्यांना मोठे पूर आले व सुमारे अडीच लाख लोकांना घरे सोडावी लागली. तेव्हा डचांनी एक नवा धडा घेतला. केवळ बांध उंच करून भागणार नाही, नदीलाही पसरण्यास जागा दिली पाहिजे, हे त्यांनी ओळखले. काही ठिकाणी त्यांनी बांध मागे हटविले आणि शतकानुशतके कष्टाने मिळविलेली थोडी भूमी स्वखुशीने पाण्यास परत दिली. आज समुद्राची पातळी वाढत आहे. पाण्याशी झुंजावे केव्हा आणि त्याला वाट द्यावी केव्हा, हे जाणणाऱ्या या लोकांकडे म्हणूनच साऱ्या जगाचे लक्ष लागले आहे.