बोटीचा वेग, आमिषाचा वेग

शिकागोत राहणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आला आहे. ऑगस्टमध्ये ते मिलवॉकीहून भाड्याच्या बोटीने मिशिगन सरोवरात सॅमन पकडायला गेले होते. बोटीचा कप्तान दिवसभर एका छोट्या पडद्याकडे बघत वेग कमीजास्त करत होता, आणि तोही ताशी दोन-तीन दशांश मैलांनी. माणसाच्या चालीपेक्षाही संथ चाललेल्या बोटीचा वेग एवढासा बदलला तर माशाला काय कळणार, असं त्यांनी विचारलं आहे.

बरंच कळतं. या दशांशांच्या हिशेबामागे जे विज्ञान आहे ते सांगायची संधी मिळाल्याबद्दल मी या वाचकांचा आभारी आहे, कारण त्यात माझ्या एका आवडत्या शास्त्रज्ञाची गाठ पडते.

या मासेमारीला ट्रोलिंग म्हणतात. बोट संथपणे चालवत ठेवायची आणि मागून अनेक दोऱ्यांना लावलेली नकली आमिषं ओढत न्यायची. त्यांतलं एक जुनं आमिष म्हणजे स्पून, वाकवलेल्या चकचकीत पत्र्याचा चमचा. ज्युलिओ ब्यूल या अमेरिकन माणसाने त्याचं पेटंट १८५२ मध्ये घेतलं. खोल पाण्यात आमिष न्यायचं तर बोटीच्या कडेला डाउनरिगर नावाची फिरकी असते. तिच्या पोलादी तारेला साडेचार-पाच किलोचा शिशाचा गोळा बांधलेला असतो. गळाची दोरी गोळ्याजवळच्या क्लिपमध्ये अडकवून गोळा हव्या त्या खोलीवर सोडायचा. मासा लागला की दोरी क्लिपमधून सुटते आणि बोटीवरची वाकलेली काठी झटक्यात सरळ होते.

ढोबळ नियम असा, की लेक ट्राउटसाठी ताशी दीड ते दोन मैल आणि चिनूक सॅमनसाठी सव्वादोन ते तीन. दोघांचं मुख्य खाद्य एलवाइफ, हेरिंगच्या कुळातली वीतभरापेक्षा लहान चंदेरी मासळी. यांतला लेक ट्राउट तेवढा इथला मूळ रहिवासी. अटलांटिकमधून कालव्यांच्या वाटेने रक्तपिपासू लॅम्प्री आत आली आणि तिने, माणसाच्या जाळ्यांच्या जोडीने, ट्राउट जवळजवळ संपवला. त्याच वाटेने आलेली एलवाइफ मग मोकाट वाढली. १९६७ मध्ये ती इतकी मेली की मिशिगन सरोवराचे किनारे कुजक्या मासळीने भरून गेले. त्याच्या आदल्या वर्षी हॉवर्ड टॅनर या मत्स्य-अधिकाऱ्याने पॅसिफिककडच्या कोहो सॅमनची पिल्लं इथल्या नद्यांत सोडली होती. पाठोपाठ चिनूक आला. मिशिगन सरोवरावरचा आजचा सॅमनचा खेळ सुरू झाला तो तिथून.

आता वेगाकडे येऊ. एलवाइफसारखा छोटा मासा जिवाच्या आकांताने पळतो तेव्हा शेपटी किती वेळा हलवतो? या प्रश्नाचं मोजून दिलेलं उत्तर केंब्रिजच्या रिचर्ड बेनब्रिजकडे मिळतं. त्यांनी १९५० च्या दशकात कड्याच्या आकाराची, पाण्याने भरलेली, गोल फिरणारी टाकी बनवली. मासा पोहतो त्याच्या उलट दिशेला टाकी तेवढ्याच वेगाने फिरवायची, म्हणजे मासा पोहत राहतो, पण कॅमेऱ्यासमोरून हलत नाही. ट्राउट, डेस आणि गोल्डफिश यांची चित्रफीत घेऊन त्यांनी १९५८ मध्ये लांबी, वेग आणि शेपटीचे हेलकावे यांना जोडणारं एक साधं समीकरण मांडलं.

त्या समीकरणात दहा सेंटिमीटरचा मासा घालून बघा. ताशी १.६ मैल वेगाला शेपटीचे सेकंदाला सुमारे अकरा हेलकावे येतात, ताशी २.५ मैलांना सोळा. बेनब्रिजने एलवाइफ मोजली नव्हती, त्यामुळे आकडे अंदाजी धरायचे. तरी त्यांतून एक गोष्ट लख्ख दिसते. ताशी अडीच मैल म्हणजे सेकंदाला एक मीटरहून जास्त, म्हणजेच या इवल्या माशाच्या लांबीच्या अकरापट. असा वेग तो काही सेकंदच टिकवू शकतो. आपल्याला संथ वाटणारी बोट माशांच्या जगात जीव घेऊन पळणारं सावज ओढत नेत असते. पळणाऱ्याच्या मागे लागणं हा चिनूकचा स्वभाव. लेक ट्राउट गार तळाशी राहणारा, आयुष्य सावकाश जगणारा मासा. थकलेलं, मागे पडलेलं सावज त्याला पुरतं. दोन जातींचे दोन वेग आले ते असे.

आमिषाची लय माशाला नुसती दिसत नाही, जाणवतेही. माशाच्या दोन्ही कुशींवरून जाणाऱ्या पार्श्वरेषेत पाण्याची हालचाल टिपणाऱ्या पेशी असतात. डच शास्त्रज्ञ स्वेन डाइकग्राफ यांनी या संवेदनेला दूरचा स्पर्श म्हटलं होतं. तिचा पल्ला शरीराच्या एक-दोन लांब्यांचा. म्हणजे लांबून डोळे बोलावतात, पण अगदी शेवटच्या हातभर अंतरात झेप घ्यायची की वळून जायचं, या निर्णयात पार्श्वरेषेचाही वाटा असतो. चुकीच्या वेगाने ओढलेला स्पून तिथे उघडा पडतो.

कारण प्रत्येक आमिषाला स्वतःची वेगमर्यादा असते. पातळ पत्र्याचा हलका स्पून संथ वेगातही डुलतो. जाड स्पून तेवढ्या वेगात नुसता ओढला जातो, त्यात जीव येत नाही. सगळ्यांत बोलका डॉजर, म्हणजे आमिषाच्या पुढे बांधलेली दोन्ही टोकांना वाकवलेली लांबट पट्टी. योग्य वेगात ती डावी-उजवीकडे झोके घेते आणि मागच्या आमिषाला झटके देते. वेग थोडा वाढला की झोके थांबतात आणि पट्टी स्वतःभोवती गरगर फिरू लागते. बोट सुरू करताना जाणते लोक डॉजर आधी काठीच्या टोकाएवढ्या दोरीवर पाण्यात धरून पाहतात आणि तो झोके घेईल तिथे इंजिन स्थिर करतात.

झोके घेणं सोडून गरगरणं हा बदल भौतिकशास्त्राचा जुना छंद आहे. विशीतल्या जेम्स क्लार्क मॅक्सवेलने हवेत सोडलेली कागदाची पट्टी गरगरत तिरकी का खाली येते यावर लेख लिहिला, तो १८५४ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्युतचुंबकत्वाची समीकरणं मांडणारा हाच मॅक्सवेल! १९९८ मध्ये अँड्र्यू बेलमाँटे आणि सहकाऱ्यांनी पाण्यात पडणाऱ्या पट्ट्यांवर प्रयोग करून, झोक्यांतून गरगरण्याकडे जाण्याला एक ठरावीक उंबरठा असतो हे दाखवलं. दोरीला बांधलेला डॉजर म्हणजे मोकळी पडणारी पट्टी नव्हे, पण उंबरठा त्यालाही आहे, आणि तो ओलांडायला दोन-तीन दशांश मैल पुरतात.

वेगाची परीक्षा घ्यायची सोपी युक्ती अनुभवी कप्तान जाणतात. काही दोऱ्या तरंगत्या फळ्यांच्या मदतीने बोटीच्या दोन्ही बाजूंना तीस-तीस मीटर पसरवलेल्या असतात. बोट शंभर मीटर त्रिज्येचं वळण घेते तेव्हा बाहेरच्या बाजूचं आमिष ढोबळमानाने तीस टक्के जास्त वेगाने जातं, आतलं तीस टक्के कमी. म्हणजे बोट अडीच मैलांवर असेल तर एकीकडे सव्वातीन आणि दुसरीकडे पावणेदोन. वळणावर बाहेरच्या काठीला मासा लागला तर वेग वाढवायचा, आतल्या काठीला लागला तर कमी करायचा. एकाच क्षणी, एकाच पाण्यात, तीन वेगांची तुलना! प्रयोगशाळेबाहेर इतकी नेटकी मांडणी क्वचित सापडते.

इथवर ठीक. पण पडद्यावर दिसणारा हा वेग नेमका कशाच्या सापेक्ष? जीपीएस जमिनीच्या सापेक्ष वेग सांगतो, बोटीच्या बुडाचं चाक पृष्ठभागावरच्या पाण्याच्या सापेक्ष. आमिष मात्र पंचवीस मीटर खाली असतं, आणि तिथलं पाणी वेगळ्याच वाटेने चाललेलं असतं. याचं कारण समजून घ्यायला बेंजामिन फ्रँकलिनचा दिवा उपयोगी पडतो. १७६२ मध्ये तो जहाजाने अमेरिकेला परतत होता. केबिनमध्ये टांगलेल्या काचेच्या दिव्यात खाली पाणी आणि वर तेल होतं. जहाज हलत होतं, तेलाचा पृष्ठभाग शांत होता, पण तेलाखाली पाण्याची नुसती खळबळ चालली होती. थक्क होऊन त्याने त्यावर पत्र लिहिलं.

उन्हाळ्यातलं मिशिगन सरोवर म्हणजे तो दिवा. वर वीस-बावीस अंशांचं हलकं पाणी, खाली चार-पाच अंशांचं जड पाणी आणि मध्ये थर्मोक्लाइनचा पातळ पट्टा. चिनूकला साधारण बारा अंश मानवतात आणि लेक ट्राउटला दहाच्या आसपास, म्हणून दोघंही या पट्ट्यात किंवा त्याखाली असतात. वाऱ्याने सरोवर एकदा ढवळलं की वरचा पृष्ठभाग शांत झाल्यावरही हा पट्टा कित्येक दिवस हेलकावत राहतो.

हे हेलकावे ज्याने आयुष्यभर मोजले तो क्लिफर्ड मॉर्टिमर (१९११–२०१०). मासेमारीच्या गप्पांत त्याचं नाव निघत नाही, आणि मला ते खटकतं. या इंग्रज शास्त्रज्ञाने आधी विंडरमिअर सरोवरात काम केलं, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलासाठी समुद्रलाटांचा अभ्यास केला आणि १९६६ मध्ये तो मिलवॉकीला येऊन स्थायिक झाला. त्याआधीच मिशिगन सरोवर त्याने हाती घेतलं होतं. एवढ्या मोठ्या सरोवरात उपकरणं कुठे कुठे लावणार? त्याने किनाऱ्यावरच्या शहरांच्या पाणीपुरवठा केंद्रांकडच्या नोंदवह्या मागवल्या. ही केंद्रं सरोवरातून आत ओढल्या जाणाऱ्या पाण्याचं तापमान रोज टिपत होती, ते दिवसभरात कधी कधी दहा-दहा अंशांनी उतरत-चढत होतं, आणि त्या आकड्यांत सरोवराच्या पोटातल्या लाटा दडलेल्या होत्या. १९६३ च्या उन्हाळ्यात सरोवर ओलांडणाऱ्या रेल्वेच्या फेरीबोटींवरून तापमापक सोडून त्याने त्या लाटांचा आडवा छेदही मिळवला.

त्यातून कळलं ते असं. पृथ्वीच्या फिरण्यामुळे सरोवराच्या मध्यभागी प्रवाहाची दिशा घड्याळाच्या काट्यासारखी फिरते, आणि एक फेरा सुमारे सतरा तासांचा असतो. शिवाय थर्मोक्लाइनच्या वरचं आणि खालचं पाणी एकमेकांच्या उलट दिशेने जातं. आता हिशेब करा. खोलवरचा प्रवाह सेकंदाला वीस सेंटिमीटर, म्हणजे ताशी ०.४५ मैल. जीपीएसवर अडीच मैल दाखवत प्रवाहाबरोबर गेलात तर आमिषाचा पाण्यातला वेग २.०५, तोंड वळवून प्रवाहाविरुद्ध गेलात तर २.९५. पडद्यावरचा आकडा तोच, पण एकीकडे लेक ट्राउटची चाल आणि दुसरीकडे सॅमनच्या मर्यादेचं वरचं टोक. उत्तरेकडे जाताना मासे लागतात आणि दक्षिणेकडे येताना लागत नाहीत, ही कोळ्यांची नेहमीची तक्रार इथे सुटते. साडेआठ तासांनी प्रवाह उलटा होतो, म्हणून सकाळची लाभाची दिशा संध्याकाळी रिकामी जाते. वाचकांच्या कप्तानाने पडद्यावर डोळे लावले होते ते यासाठी. चांगल्या बोटींवर गोळ्याजवळ एक संवेदक असतो आणि तो खोलवरचं तापमान आणि वेग वर कळवतो.

आणि रंग? दुकानांत सर्वांत जास्त विकला जातो तो रंगच, आणि सर्वांत जास्त अतिशयोक्तीही त्याच्याच नावाने चालते. पाणी तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरमध्येच गिळतं. पंचवीस मीटरवर लाल स्पून काळपट दिसतो. निळा प्रकाश शोषून पिवळा-हिरवा परत देणारा चमकदार रंग तिथेही उजळ दिसतो, त्यामुळे त्याची कीर्ती रास्त आहे. पहाटेच्या अंधारात स्वतः चमकणारे स्पूनही समजण्यासारखे. पण अतिनील किरणांत झळकणाऱ्या महागड्या आमिषांच्या जाहिराती मला पटत नाहीत. सॅमन कुळातल्या पिल्लांच्या डोळ्यांत अतिनील टिपणाऱ्या पेशी असतात हे खरं. सूक्ष्म प्लवक शोधायला त्या उपयोगी पडतात. मासा वाढतो तसतशा त्या बऱ्याच कमी होतात, आणि गळाला लागतात ते मोठे मासे. एखाद्या रंगाला मासा लागला तेव्हा बोट वळत होती का, तो स्पून किती खोल होता, प्रवाह कुठे होता, हे नोंदवल्याशिवाय श्रेय रंगाला देणं म्हणजे अर्धवट प्रयोगावरून निष्कर्ष काढणं.

माझा क्रम म्हणून असा आहे. आधी तापमान, मग खोलवरचा वेग, मग त्या वेगाला साजेल असं आमिष आणि सर्वांत शेवटी रंग. अ‍ॅन आर्बर इथली अमेरिकन सरकारची प्रयोगशाळा मिशिगनसह इथल्या सरोवरांच्या तापमानाचे आणि प्रवाहांचे अंदाज रोज प्रसिद्ध करते. नवा स्पून घेण्याआधी ते पाहिलेले बरे. आणखी एक गोष्ट व्हावी असं मला मनापासून वाटतं. उन्हाळ्यात कितीतरी बोटी गोळ्याजवळचे संवेदक घेऊन या सरोवरात फिरतात आणि खोलवरचं तापमान व वेग दिवसभर मोजतात. पाणीपुरवठ्याच्या वह्यांतून मॉर्टिमरने सरोवराची चाल वाचली होती. या बोटींचे आकडे मागून घेऊन एकत्र मांडणारा कुणी पुढे आला, तर त्याला मॉर्टिमरच्या हाती कधीच नव्हती एवढी सामग्री मिळेल, आणि कोळ्यांनाही त्यांच्या नोंदींचा मोबदला अचूक अंदाजांच्या रूपाने परत मिळेल.