थायरॉइडची गोळी : रिपोर्ट वाचताना, डोस बदलताना

आकडा उलटा वाचा : थायरॉइड कमी पडली की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी जोर लावते आणि तिने सोडलेलं टीएसएच वाढतं, गोळी जास्त झाली की ते घटतं. प्रौढांत साधारण ०.४ ते ४. पण आपल्या रिपोर्टवर छापलेली मर्यादाच पाहा.

घाई नको : गोळीतलं लेव्होथायरॉक्सिन शरीरातून निम्मं व्हायला सुमारे ७ दिवस लागतात. म्हणून डोस बदलल्यावर तपासणी ६ ते ८ आठवड्यांनी.

चहा-पेजेआधी : गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, पुढे अर्धा ते एक तास काही नको. लोह-कॅल्शियम ४ तासांनी. तपासणीच्या सकाळी आधी रक्त द्या, मग गोळी घ्या.

मालवणचा पावसाळा : दमट हवेत गोळ्या सुट्या काढून ठेवू नका. मूळ बाटलीतच, झाकण घट्ट, शेगडीपासून दूर.

मासे खातो, आयोडीन मिळतं, तरीही थायरॉइड कमी पडते? हो. आयोडीन पुरेसं असलेल्या भागांत मुख्य कारण हाशिमोटो : आपलीच प्रतिकारशक्ती ग्रंथीवर उलटते. बांगडा-सुरमई गोळीची जागा घेत नाहीत.

डॉक्टरांना लगेच सांगा : दिवस गेले, छाती धडधडू लागली, तर. डोस मनाने बदलू नका.