विश्लेषण : क्वांटम संगणक एकमेकांशी बोलणार कसे?

राष्ट्रीय क्वांटम मिशनला केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ एप्रिल २०२३ रोजी मंजुरी दिली. २०३०-३१पर्यंतच्या या मोहिमेसाठी ६,००३.६५ कोटी रुपयांची तरतूद आहे. ५० ते १,००० क्युबिटचे संगणक उभारणे हे तिचे एक उद्दिष्ट. पण असे दोन संगणक दूर अंतरावरून जोडायचे, तर ‘क्वांटम ट्रान्सडक्शन’चे कोडे सुटायला हवे. ते काय आहे?

अडचण कुठे आहे?

कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर), ‘डीआरडीओ’ची पुण्यातील प्रयोगशाळा आणि टीसीएस यांच्या सहकार्यातून ६ क्युबिटचा प्रोसेसर तयार झाला. त्याची चाचणी पूर्ण झाल्याचे ऑगस्ट २०२४मध्ये जाहीर झाले. अशा अतिसंवाहक क्युबिटची भाषा सूक्ष्मलहरींची, म्हणजे साधारण ५ गिगाहर्ट्झची. ते निरपेक्ष शून्याच्या जेमतेम शतांश अंश वर, उणे २७३ अंश सेल्सिअसच्या आसपास चालतात. हा संदेश साध्या तारेने बाहेर काढला, तर खोलीच्या उष्णतेतून निघणाऱ्या हजाराहून अधिक फोटॉनच्या गोंगाटात तो एकटा फोटॉन हरवतो. ऑप्टिकल फायबरमधल्या प्रकाशाला हा त्रास नाही. त्याची वारंवारता सुमारे ४० हजार पट जास्त असते. म्हणून सूक्ष्मलहरींतला संदेश प्रकाशात उतरवायचा. यालाच ट्रान्सडक्शन म्हणतात.

हे इतके कठीण का?

भिवंडीतल्या गोदामांचे उदाहरण घेऊ. बंदरातून आलेल्या कंटेनरमधला माल इथे उतरतो, मोजला जातो आणि छोट्या टेम्पोतून पुढे जातो. क्वांटम माहितीचे खोके मात्र उघडून पाहता येत नाही. पाहिले की आतला माल बदलतो. त्याची हुबेहूब प्रतही काढता येत नाही, हे १९८२मध्येच सिद्ध झाले आहे. म्हणजे माल न पाहता, न मोजता, या गाडीतून त्या गाडीत चढवायचा आणि वाटेत हरवला तर दुसरा नग नाही.

क्वांटम डॉटचा उपयोग काय?

क्वांटम डॉट म्हणजे काही नॅनोमीटर आकाराचा अर्धसंवाहकाचा कण. आकारानुसार त्याच्या प्रकाशाचा रंग बदलतो. या कणांच्या शोधासाठी आणि निर्मितीसाठी मुंगी बावेंडी, लुईस ब्रुस व अलेक्सी एकिमोव्ह यांना २०२३चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. ट्रान्सडक्शनसाठी सहसा गॅलियम आर्सेनाइडच्या चिपमध्ये वाढवलेले इंडियम आर्सेनाइडचे डॉट वापरतात. सूक्ष्मलहरींचा संदेश आधी चिपच्या पृष्ठभागावरच्या ध्वनिलहरीत बदलतो. ती लहर डॉटला किंचित दाबते-ताणते, त्याची ऊर्जा पातळी हलते आणि त्याच्याकडून येणाऱ्या फोटॉनवर त्या कंपनाची खूण उमटते. डॉट एका वेळी एकच फोटॉन देतो, हा मोठा फायदा.

घोडे कुठे अडले आहे?

तीन ठिकाणी. रूपांतरात बहुतांश फोटॉन वाया जातात. डॉट चेतवण्यासाठी लागणारा लेसर उष्णता निर्माण करतो आणि शेजारचे अतिसंवाहक परिपथ बिघडवतो. शिवाय या डॉटचा प्रकाश बहुधा ९०० ते ९५० नॅनोमीटरचा, तर फायबरमधून दूर जाण्यास सोयीचा प्रकाश १,५५० नॅनोमीटरचा.

यात तरुणांना संधी आहे?

हे काम मुख्यतः पीएचडीनंतरचे, म्हणजे पोस्टडॉक संशोधकांचे आहे. चिप घडवणे, ती गोठवणे आणि एकेक फोटॉन मोजणे अशी तिन्ही कौशल्ये एकाच माणसाकडे लागतात. भारतात राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिप दोन वर्षांची असते. चिपची एक आवृत्ती फसली तर यातले कित्येक महिने जातात आणि पुढच्या नोकरीची शाश्वती नसते. मिशनचे संवेदन व मापनशास्त्राचे केंद्र पवईच्या आयआयटीत आहे, टीआयएफआर कुलाब्यात. भिवंडीतून बीएस्सी करणाऱ्या मुलामुलींसाठी ही दोन्ही ठिकाणे दूर नाहीत. ठाण्याहून लोकल पकडली की झाले. खरे अंतर आहे ते पीएचडी संपल्यापासून पक्की नोकरी मिळेपर्यंतचे. ते कमी झाले नाही, तर हे तरुण आपले कौशल्य घेऊन परदेशी जातील आणि इथले क्वांटम संगणक आपापल्या शीतकपाटात एकटेच राहतील.